तिलावोल्दी खाटकाचा हंगाम

त्या वर्षी फुटबॉलचा हंगाम सुरू होताना माझ्या सासऱ्यांनी गोलच्या रेषेवर मेंढा कापला तेव्हा रक्त डाव्या खांबावर उडालं आणि उजवा खांब कोरडा राहिला. जमलेल्या लोकांनी लगेच बोटं बुडवून उजवा खांबही रंगवला. मग संघातला एकेक जण रक्तावरून उडी मारून मैदानात उतरला. माझा नवरा ओदिल सगळ्यांत शेवटी. त्याने खाली बघितलं नाही. त्याला लहानपणापासून रक्त बघवत नसे. खाटकाच्या घरात जन्मून हे असं, म्हणून घरात त्याची थट्टा व्हायची.

हे सगळं मी छपरावरून बघितलं. आमचं घर मैदानाच्या उत्तरेच्या गोलामागे, मध्ये फक्त एक कालवा आणि संघाच्या येण्याजाण्याचं लोखंडी फाटक. छप्पर मातीचं, सपाट. उन्हाळ्यात आम्ही तिथे जर्दाळू वाळत घालायचो. पलीकडे पॉप्लरच्या झाडांची रांग होती, त्यामुळे मला मैदानाचा अलीकडचा अर्धाच भाग दिसायचा. पलीकडच्या अर्ध्यात काय चाललंय ते आवाजावरून कळायचं. आमच्या काराअरिक गावात बायका मैदानावर जात नसत, आणि खाटकाची सून तर नाहीच नाही. पण जर्दाळू उलटायला छपरावर जाऊ नको असं कोण म्हणणार? मार्चमध्ये जर्दाळू नसतात ही गोष्ट वेगळी.

संघाचं नाव इपाकची, म्हणजे रेशीमवाले. रेशमाच्या गिरणीचा संघ. रशियनांचं राज्य जाऊन स्वातंत्र्य मिळाल्याला पाच-सहा वर्षं झाली होती, गिरणीतले निम्मे माग बंद पडले होते, आणि ज्यांना काही काम उरलं नव्हतं ते सगळे मैदानावर येऊन बसत होते. सूर्यफुलाच्या बिया सोलत, थुंकत, ओरडत. त्यांच्या पुढच्या रांगेत, मधोमध, माझे सासरे तिलावोल्दी खाटीक. गाव त्यांना कस्साब-आका म्हणायचं. आम्ही घरातले आदा म्हणायचो.

आदांनी वीस-बावीस वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. आईचं दफन सकाळी उरकून दुपारी ते मैदानावर हजर होते, हे माझ्या सासूबाई हनीफा-ओयी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळ्या झाल्या. सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नाही की वरही नेला नाही. विहिरीला पाणी किती खोल आहे ते सांगावं तसं सांगितलं.

माणूस मोठा नव्हता. खांदे रुंद, पाय आखूड, हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे. दुकानात आकड्याला टांगलेला बैल ते असा सोडवायचे की बघणाऱ्याला वाटावं, याला कधी हाडं नव्हतीच. बोलणं कमी. हसायचे ते फक्त आपण जिंकल्यावर.

हरल्यावर फाटकावर जायचे.

संघाला बाहेर पडायला ते एकच फाटक होतं. हरलेल्या सामन्यानंतर लोक त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहायचे. म्हातारे पुढे, तरणे मागे. खेळाडू एकेक करून बाहेर यायचे आणि आदा ज्याच्याकडे बघून हनुवटी हलवतील त्याला लोक थांबवायचे. पुढे काय व्हायचं ते मी छपरावरून बघत असे. चुकलेल्या पासला थोबाडीत. पळायचा कंटाळा केला तर लाथा. गोल खाल्ला तर त्याहून जास्त. पोलीस कालव्यापलीकडे उभे राहून बिया सोलत असायचे. त्यांचाही संघ हरलेलाच असायचा ना!

एक रीत मात्र सगळे पाळायचे. ज्याच्या घरचा वडीलधारा आधी हात उचलेल त्याला बाकीचे शिवत नसत. एप्रिलमध्ये आम्ही घरी हरलो तेव्हा उजव्या बाजूने पळणाऱ्या पोराचा काका गर्दीतून पुढे आला आणि त्याने पुतण्याला असा एक ठेवून दिला की पोरगा कालव्यात बसला. झालं. काकाने मारलंय म्हटल्यावर लोकांनी हात मागे घेतले. कुणीतरी त्या पोराला कालव्यातून बाहेरही काढलं. आमच्याकडे कलिंगड चोरणाऱ्या पोरांचंही असंच असतं. बापाने मारलं की शेतवाल्याचा राग संपतो.

ओदिल डावीकडून बचावाला खेळायचा. त्याची खासियत म्हणजे तो कुणाच्या नजरेत यायचा नाही. पुढे जायचा नाही, गोल मारायचा नाही, चुकायचाही नाही. चेंडू आला की बाहेर काढायचा आणि परत आपल्या जागी. आदा त्याची कधी स्तुती करत नसत, पण त्याच्याकडे बघून हनुवटीही हलली नव्हती. मी मात्र प्रत्येक सामन्यात त्याच्या पायांकडेच बघत बसायचे. माझा सगळा हंगाम त्या दोन पायांत होता.

"अहो, सोडा ना हे," मी म्हणायचे. "अंदिजानला माझ्या भावाची भट्टी आहे. नान भाजायला माणूस हवाय त्याला. दोन खोल्या देतो म्हणालाय."

"हंगाम संपू दे."

"आणि मध्येच काही झालं तर?"

"काय होणार? मी काय गोलकीपर आहे?" असं म्हणून तो हसायचा. "आणि फाटकावर माझाच बाप उभा असतो."

"म्हणूनच तर म्हणते."

यावर तो कुशीवर वळायचा.

मेमध्ये रेशमाचे किडे आले. दरवर्षी सरकारकडून घरोघर पेट्या यायच्या. नको म्हणायची सोय नव्हती. घरातली सगळ्यांत मोठी खोली किड्यांना द्यायची, दिवसातून कितीदा तरी तुतीचा पाला कापून घालायचा, आणि घरात ना फोडणीचा वास, ना आरडाओरडा. आवाजाने किडा खायचं सोडतो. शेवटच्या आठवड्यात तर ते इतका पाला खातात की खोलीत पाऊस पडत असल्यासारखा आवाज येतो. आदांना दुकानातून आल्यावर अंगणात कपडे काढून अंग धुवावं लागायचं, कारण किड्यांना रक्ताचा वास चालत नाही.

त्याच आठवड्यात संघ बाहेरगावी तीन गोलांनी हरला. आदा रेडिओ ऐकून उठले. हनीफा-ओयींनी फडताळातल्या चांगल्या किटल्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या. सामन्याच्या दिवशी त्या हे न चुकता करायच्या. निळ्या फुलांच्या किटल्या पेटीत, आणि फडताळावर साध्या मातीच्या, दोन तर आधीच कान तुटलेल्या. "फेकायला काहीतरी हवंच असतं पुरुषाला," त्या म्हणायच्या. "आपण ठरवायचं काय फेकू द्यायचं ते."

पण त्या दिवशी किटली फेकता येत नव्हती. किडे शेवटच्या भुकेत होते. आदांनी किटली उचलली, खोलीकडे बघितलं, आणि परत ठेवली. मग ओदिलच्या कानाशी तोंड नेऊन त्याला शिव्या द्यायला लागले. सगळं कुजबुजत. त्याच्या आईवरून, आजीवरून, संघातल्या अकराच्या अकरा जणांच्या पणज्यांवरून. ओदिल मान खाली घालून ऐकत होता आणि मी हसू आवरायला ओढणीचा पदर तोंडात कोंबला होता. ओयी तर सरळ अंगणात पळाल्या.

"हसतेस?" आदा माझ्याकडे वळून कुजबुजले.

"नाही, आदा."

"हस. किडे गेले की बघतो एकेकाला."

किडे गेले. कोशांची पोती गिरणीत गेली. जूनमध्ये सोयबुलोकवाल्यांनी आम्हाला घरी येऊन हरवलं. सोयबुलोक म्हणजे नदीपलीकडचं गाव, आमचे जन्माचे वैरी. ते येताना गोण्या भरून तुतीचा पाला घेऊन यायचे आणि मैदानात फेकायचे. "किड्यांनो, खा! किड्यांनो, खा!" त्या दिवशी आमचा गोलकीपर रिनात दोन सोपे गोल खाऊन बसला. रिनात तातार होता, गोरा, हसरा, मला छपरावर बघून एकदा सलाम करणारा एकटाच.

फाटकात आदांची हनुवटी हलली. लोकांनी रिनातला थांबवलं. सोबित नावाचा एक होता, मिनिबस चालवायचा, आदांच्या मागेमागे असायचा. त्याने रिनातचे दोन्ही हात धरून फाटकाच्या फटीत घातले आणि आदांकडे बघितलं. आदांनी फाटक ढकललं. जोरात नाही. दुकानाचं दार लावावं तसं.

रिनातची किंकाळी मी कधी विसरले नाही. त्यानंतरचा आवाज त्याहून वाईट होता, कारण लोक हसले.

संध्याकाळी आदा जेवायला बसले. मी नान मोडून समोर ठेवलं, शोरवा वाढला. त्यांनी हात धुतले होते. नेहमीसारखं बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. ओदिलने पहिला घास घेतला आणि परत वाडग्यात टाकला.

"काय झालं?" आदांनी विचारलं.

"त्याला आता चमचाही धरता येणार नाही."

"बरोबर. चेंडूही धरता आला नाही त्याला."

"आदा, तो माझ्या लग्नात नाचला होता."

"मग? नाचायला पाय आहेत त्याला."

ओदिल उठायला लागला. जेवण सोडून, बापापुढून. आदांनी हात लांब करून त्याच्या तोंडात मारली, उलट्या हाताने, बसल्या जागेवरून. ओदिलच्या ओठातून रक्त दस्तरखानवर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर पडलं, नानच्या अगदी जवळ. हनीफा-ओयींनी ते नान उचलून बाजूला ठेवलं. भाकरीवर रक्त पडू द्यायचं नसतं.

संघाचे कोच, पाक नावाचे, दुसऱ्या आठवड्यात दुधाच्या गाडीत मागे कॅनांमध्ये बसून निघून गेले. चांगला माणूस होता. कोरियन, ताश्कंदहून आलेला. जाताना त्यांनी ओदिलला निरोप पाठवला होता की तूही निघ. ओदिलने तो मला सांगितला ऑगस्टमध्ये. तोवर माझं भावाला दोनदा कळवून झालं होतं.

उन्हाळाभर संघ घसरत गेला. नवा कोच गिरणीतला एक फोरमन होता, त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते धड सांगता येत नव्हतं. आमच्या छपरावर जर्दाळू सुकले आणि खाली फाटकावर माणसं. दर पंधरा दिवसांनी एकाचं नाक, एकाच्या बरगड्या. खेळाडूंच्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बाजारात मला बघून एकीने तोंड फिरवलं, आणि तिच्या जागी असते तर मीही फिरवलं असतं. शरद लागेपर्यंत अशी वेळ आली की शेवटच्या सामन्यात हरलो तर संघ खालच्या दर्जात जाणार. नुसती बरोबरी झाली तरी वाचणार होतो. आणि शेवटचा सामना घरी. सोयबुलोकशी.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात हाडं आणायला गेले. सोबित तिथे होता, ओट्याला टेकून चहा पीत.

"कस्साब-आका," तो म्हणत होता, "एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"उद्या घरचाच कुणी चुकला तर?"

"कुणाच्या घरचा?"

"बोलायला नको, समजा आपलं." त्याने मला बघितलं आणि हसला. "सलाम, सूनबाई. नवऱ्याला आज चांगलं खाऊ घाला हं."

आदांनी सत्तूर ओट्यात रोवला. "माझ्या घरचा चुकला," ते म्हणाले, "तर पहिला मी. सगळ्यांसमोर. आणखी काही?"

"नाही, आका. लोक विचारतात म्हणून म्हटलं."

"लोकांना सांग."

मी हाडं घेतली आणि घरी आले. घरी येऊन पहिलं काम केलं ते ओदिलचे बूट पिठाच्या रांजणात लपवले. पिठात कोपरापर्यंत हात घालून खाली तळाला दाबले. मग हात झटकत बाहेर आले तर ओयी दारात उभ्या होत्या. त्या माझ्या पांढऱ्या बाह्यांकडे बघत राहिल्या.

"मी काही बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ते बघतील."

सकाळी ओदिल बूट शोधत फिरत होता. मी भाकरीचं पीठ मळत होते. आदा आत आले, रांजणाजवळ उभे राहिले.

"काढ," ते म्हणाले.

"काय, आदा?"

"सूनबाई, मी जन्मभर जनावरं लपवलेली हुडकलीत. काढ."

मी हात घालून बूट काढले. दोन्ही पिठाने भरलेले. आदांनी ते माझ्या हातून घेतले, उंबऱ्यावर आपटून झटकले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी माणसासारखे बोलले.

"तुला वाटतं घरात बसून वाचेल? पळाला असं म्हणतील. पळालेल्याचे पाय लोक घरी येऊन मोडतात. तुझ्यासमोर. ओयीसमोर. मैदानावर गेला तर निदान खेळून तरी वाचेल."

"आणि नाही वाचला तर?"

त्यांनी बूट ओदिलला नेऊन दिले. जाताना बाहेरच्या दाराला बाहेरून कडी घातली. हे मला नंतर कळलं.

नोव्हेंबरचा दिवस, थंडी, कापसाच्या काड्या जाळल्याचा धूर सगळ्या गावावर. तुतीची पानं पिवळी पडली होती, तरी सोयबुलोकवाले गोण्या भरून घेऊन आले होते. सामना सुरू व्हायच्या आधीच बिया आणि शिव्यांच्या बरोबरीने दगड उडायला लागले. सोयबुलोकच्या एका म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं. त्याने रुमाल बांधला आणि परत ओरडायला लागला.

पहिल्या अर्ध्यात मला काही दिसलं नाही. आमचा संघ पॉप्लरच्या पलीकडच्या गोलाचं रक्षण करत होता. गर्जना आली तशी मी कान टवकारले. आमची गर्जना की त्यांची? आमची. मग थोड्या वेळाने दुसरी, बारीक, नदीपलीकडच्या आवाजांची. एक-एक. ओयी खालून ओरडून विचारत होत्या, "काय झालं?" मी वरून सांगत होते, "बरोबरी! ओयी, बरोबरी!" त्या परत जाऊन किटल्या पुसत बसायच्या. पुसायला काही नव्हतं तरी.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि ओदिल माझ्या समोर आला. इतका जवळ की त्याच्या पिंढरीवरचा चिखल मला दिसत होता. तो चांगला खेळत होता. खोटं सांगत नाही. नवा गोलकीपर घाबरलेला, कोवळा, आणि ओदिल त्याच्यासाठीही धावत होता. मी माझ्या ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसले होते. बरोबरी चालणार होती. बरोबरी म्हणजे अंदिजान. बरोबरी म्हणजे दोन खोल्या आणि भट्टी.

शेवटी शेवटी सोयबुलोकच्या एका पोराने डावीकडून चेंडू आत मारला, खालून, सरपटत. गोलकीपर चुकीच्या बाजूला पडला. चेंडू गोलासमोरून तिरका चालला होता. मागे कुणी नव्हतं. वरून मला ते स्पष्ट दिसत होतं. चेंडू दुसऱ्या खांबाच्या बाहेरून जाणार होता. ओदिलला ते खालून दिसलं नाही. त्याने जन्मभर जे केलं तेच केलं. घसरत गेला आणि पाय घातला.

आमचीच जाळी हलली.

मग नदीपलीकडचे ओरडायला लागले, "किड्यानेच खाल्लं! किड्यानेच खाल्लं!" आणि शिट्टी झाली, आणि बाकं मोडायला लागली.

पुढचं सगळं एकदम झालं. लोकांनी फळ्या उपटल्या, पाहुण्यांच्या बसच्या काचा फोडल्या. पंच कपड्यांच्या खोलीत आतून कडी लावून बसला. एका पोलिसाची टोपी कालव्यातून वाहत गेली आणि तो टोपीमागे धावत राहिला, मैदानाकडे पाठ करून. पण बहुतेक गर्दी फाटकाकडे आली. आमच्या भिंतीखाली. या वेळी म्हातारे पुढे नव्हते. तरणे पुढे होते. सोबितच्या हातात लोखंडी पहार होती.

"बाहेर काढा त्याला! खाटकाच्या पोराला काढा!"

मी जिन्याने खाली धावले, दार ओढलं, दार उघडेना. ओयी दाराला खांदा लावत होत्या. "बाहेरून लावलंय," त्या म्हणाल्या, "बाहेरून लावलंय गं त्याने." मी परत वर धावले.

ओदिल फाटकातून बाहेर आला होता. बाकीचे खेळाडू त्याच्यापासून लांब झाले होते, जसं पेटलेल्या माणसापासून होतात. एक दगड त्याच्या कानाला लागला. सोबितने पहार उचलली. त्याच्या मागे फळ्या घेतलेले तिघे-चौघे. ते नुसते पाय मोडून थांबणार नव्हते. त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं, आणि छपरावरून मी इतकी ओरडले की घसा फाटला. कुणी वर बघितलं नाही.

मग आदा आले. शिट्टी होताच ते दुकानाकडे गेले असावेत, कारण आले ते तिकडूनच, अंगात मळकट एप्रन, हातात मोठा सत्तूर.

"बाजूला," ते म्हणाले. "माझा आहे."

सोबितने पहार खाली केली नाही. "आका, ह्या वेळी सगळ्यांचा आहे."

"मी काय म्हणालो होतो दुकानात?"

"पहिला तुम्ही."

"मग?"

सोबित मागे सरला. आदांनी ओदिलची मान धरली आणि त्याला कालव्याच्या दगडी काठावर बसवलं. त्याचा डावा पाय काठावर आडवा ठेवला, स्वतःचा गुडघा त्याच्या मांडीवर दाबला. वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलले. सत्तूर उलटा केला, पाठीची बोथट बाजू खाली. आणि मारला.

तो आवाज मला छपरावर आला. ओदिलचं डोकं मागे पडलं. तो बेशुद्ध झाला होता. गर्दी एक पाऊल मागे हटली. काहींनी तोंडं फिरवली. तेवढ्याने झालं होतं. सोबितनेही पहार जमिनीला टेकवली होती. मी बघितलं, अगदी नक्की बघितलं. संपलं होतं.

आदा तसेच वाकलेले होते. त्यांनी पोराच्या तोंडाकडे बघितलं. मग गोलाकडे, रिकाम्या जाळीकडे. आणि सत्तूर परत उचलून आणखी एकदा मारला. खाली, घोट्याच्या वर.

मग उभे राहिले आणि सत्तुराची धार लोकांकडे केली. "आता याला जो हात लावेल त्याला मी दुकानात टांगतो."

लोक गेले. चार जणांनी ओदिलला मांसाच्या हातगाडीवर घालून घरी आणलं. त्यांतला एक सोबित होता. दारात टेकवताना म्हणाला, "जपून रे, जपून, पाय लटकतोय."

हाडं बसवणारी म्हातारी अंधार पडायच्या आत आली. तिने पाय चाचपला, अंडी आणि पीठ कालवून लेप केला, तुतीच्या फांद्या सोलून बांधल्या. "दोन ठिकाणी मोडलाय," ती म्हणाली. "वरचा सरळ आहे, महिन्या-दोन महिन्यांत जुळेल. खालच्याचं मी काही सांगत नाही. चुरा झालाय."

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला यायला लागले. आपल्याकडे आजाऱ्याकडे येतात तसे, नान आणि द्राक्षं घेऊन. फाटकावर फळ्या घेऊन उभे असलेलेही आले. सगळ्यांचं एकच बोलणं. कस्साब-आकांनी पोराला वाचवलं. दुसरा बाप असता तर रडत बसला असता. याने डोकं चालवलं. सोबितने आणलेला गाजराचा हलवा ओयींनी मला सगळ्यांना वाटायला सांगितला. मी वाटला.

ओदिलही तेच म्हणायचा. "आदांनी कानात काय सांगितलं माहितीये? म्हणाले, श्वास रोख, एकदाच लागेल. आणि एकदाच लागला. मला आठवतंय."

"तुम्ही बेशुद्ध होतात."

"लागल्यावर झालो. त्याआधीचं आठवतं ना!"

"म्हातारी दोन ठिकाणी म्हणाली."

"एकाच घावात दोन ठिकाणी मोडतो कधीकधी. आदांना विचार."

आदा रोज दुकानातून मज्जेची हाडं आणायचे. स्वतः फोडायचे, स्वतः उकळायचे, वाडगा भरून ओदिलच्या उशाशी ठेवायचे. ओयी म्हणाल्या, तीस वर्षांच्या संसारात या माणसाने चूल पेटवलेली मी पहिल्यांदा बघते. मी सकाळी त्यांच्यापुढे वाकून सलाम करत होते, चहा ओतत होते. सून म्हणून जे जे करायचं ते सगळं करत होते.

एका सकाळी ओयी शेजारी गेल्या होत्या. आदा दस्तरखानवर एकटे. मी चहा ओतला आणि उठले नाही.

"आदा, एक विचारायचंय."

"हं."

"पहिल्याने लोक थांबले होते. मी वरून बघत होते. सोबितने पहार टेकवली होती."

ते नान मोडत होते. मोडत राहिले. तुकडे करून चहात टाकले.

"पहिला लोकांसाठी होता," ते म्हणाले.

"आणि दुसरा?"

"चेंडू बाहेर जात होता, मुहाय्यो." त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. त्यांचा आवाज एकदम तक्रारीचा झाला, दुखऱ्या मुलासारखा. "बाहेर जात होता तो. सगळ्या मैदानाने बघितलं. तूही बघितलंस ना वरून? बावीस वर्षं मी हा संघ बघतोय. मागे कुणी नव्हतं. सोडून द्यायचा होता फक्त. कशाला घातला त्याने पाय? सांग ना. कशाला घातला?"

"हो," मी म्हणाले. "बाहेर जात होता."

"मग!" ते म्हणाले, कुणीतरी समजून घेतल्यासारखे, आणि नानकडे हात नेला.

मी दस्तरखानचं टोक धरलं आणि ओढलं. नान, चहा, साखर, सगळं त्यांच्या समोरून. सासऱ्याच्या पुढचं ताट सुनेने ओढायचं, आमच्या गावात हे कुणी ऐकलंही नसेल. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मी वाट बघत होते मारायची. त्यांनी मारलं नाही. हात मांडीवर ठेवला आणि बसून राहिले.

त्याच आठवड्यात माझा भाऊ अंदिजानहून भट्टीची गाडी घेऊन आला. ओयींनी गाद्या दिल्या, आणि निळ्या फुलांची एक किटली जुन्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. आदांनी ओदिलला स्वतःच्या पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणलं, पिठाच्या पोत्यांमध्ये गाद्या रचून त्यावर ठेवलं. ओदिलने बापाचा हात ओढून कपाळाला लावला. मी समोर बघत बसले.

गाडी कालव्याच्या बाजूने निघाली. ओदिल मान वळवून मागे फाटकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू आदांचा निरोपही घेतला नाहीस."

मी गादीची घडी करून त्याच्या घोट्याखाली सरकवली.

"त्यांनी मला वाचवलं, मुहाय्यो. निदान तू तरी असं तोंड करून बसू नकोस."

रस्ता खडबडीत होता. गाडी एका खड्ड्यातून गेली आणि तो कळवळला.

"पाय हलवू नका," मी म्हणाले.